गुरुवारची झुंझुरं

झुंझुरं गुरुवारी कुठे जात नाहीत, घरीच असतात, ही माहिती आता साऱ्या जगात जवळजवळ माझ्या एकट्याकडे उरली आहे. आणि माझ्यावर आमच्या घरात कुणीही विश्वास ठेवत नाही, हे त्या माहितीचं दुर्दैव.

त्याला कारण मीच. आमच्या खानदानात लग्न असो, बारसं असो की तेरवी, जेवणं आटोपली की मला मधे बसवतात आणि म्हणतात, गजू, सांग नं ते घोड्याचं. घोड्याचं म्हणजे चुलतभावाच्या वरातीतला घोडा मंगल कार्यालयाच्या स्टेजवर चढला होता ते. घोडा खरंच चढला होता. पण पहिल्या वर्षी तो दोन पायऱ्या चढून उतरला, आणि आता इतक्या वर्षांनी तो वर जाऊन नवरदेवाच्या खुर्चीसमोर उभा राहतो आणि व्याह्यांच्या हातचा पेढा खातो. त्यामुळे माझ्या बायकोने एक नियम काढला आहे: गजूच्या गोष्टीतलं अर्धं सोडून द्यायचं आणि उरलेलं दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्यायचं. दिगूकाकांच्या बाबतीत अडचण अशी, की विचारून घ्यायला आता कुणी नाही.

दिगूकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नागपूरला धरमपेठेत एकाच प्लॉटवर पुढच्या भागात आम्ही राहायचो आणि मागच्या दोन खोल्यांत ते, सुमनकाकू आणि त्यांची मुलगी मीनल, म्हणजे मिनू. काका सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. उंच, हडकुळे, मान जराशी पुढे काढलेली. कायम पलंगाखाली काहीतरी शोधत असल्यासारखे. आवाज चढवलेला मी त्यांचा कधी ऐकला नाही. खुर्चीवर बसण्यापूर्वी ते खुर्चीवरून हळूच हात फिरवायचे. कपाट बंद करण्यापूर्वी आत बोटाने टकटक करायचे. उन्हाळ्यात कूलर लावायच्या आधी त्याच्या पत्र्यावर दोन टिचक्या मारून म्हणायचे, "उठा गा, पाणी येऊन राहिलं." आम्ही पोरं धावत घरात घुसलो की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "हळू. कोणी झोपलं असन."

नवीन माणसाला वाटायचं घरात आजारी माणूस आहे. जुन्या माणसांना वाटायचं हाच तो.

तर हे सगळं सुरू झालं मिनूच्या रडण्यातून. ती चार वर्षांची असेल, मी आठ-नऊ. दिवसभर हुंदडायची, कुणाचं ऐकायची नाही, आणि सूर्य कलला की मागच्या दाराच्या पायरीवर बसून भोकाड पसरायची. दुखत नाही, खुपत नाही, भूक नाही. पूर्ण अंधार पडून घरोघरचे दिवे लागले की आपोआप थांबायची. पहाटे जाग आली तर तेव्हाही तोच प्रकार. काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. माझ्या आईने दृष्ट काढली. शेजारच्या बाईंनी कुठूनसा ताईत आणून बांधला. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. जंत पडले, रडणं राहिलं.

एका संध्याकाळी काका कचेरीतून आले, चपला काढल्या आणि तिच्याजवळ पायरीवर बसले. मी पेरूच्या झाडावर होतो, म्हणून हे मी स्वतः ऐकलेलं आहे, यात मीठमिरची नाही. घाबरू नको, असं ते म्हणाले नाहीत. गप्प बस, असंही नाही. ते म्हणाले, "मिने, हळू रड वं. ते दचकून राहिलं."

मिनूने रडता रडता विचारलं, "कोण?"

"झुंझुरं."

आमच्याकडे पहाटेच्या त्या धुरकट वेळेला झुंझुरका म्हणतात. त्यावरून त्यांनी ते तिथल्या तिथे बनवलं की त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, हे मी त्यांना पुढे कितीदा विचारलं. त्यांनी दर वेळी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं की कावळा तुम्हीच काढला का.

"ते आपल्यापेक्षा जास्त भेते," काका सांगत होते. "त्याले उजेडाचं भेव वाटते अन् अंधाराचंबी. मंग त्यानं बाहेर निघावं कवा? या एवढ्याशा वक्तात. अन् नेमकी तवाच तू भोंगा लावते."

मिनू गप्प झाली. एवढ्या बायाबापड्यांनी तिला धीर देऊन पाहिला होता. काकांनी तिला जबाबदारी दिली. त्यानंतर रोज दिवेलागणीला ती पायरीवर बसायची ती ओठ घट्ट मिटून, कुणाला तरी झोपवत असल्यासारखी. रडू यायचंच, पण ती ते गिळायची. तिच्याहून भित्रं कुणीतरी आसपास होतं आणि त्याचं सगळं तिच्यावर अवलंबून होतं.

पण पोर ती पोर. ते आता कुठे आहे, आता काय करून राहिलं, असं दिवसभर विचारायला लागली. म्हणून काकांना त्याची दिनचर्या सांगावी लागली. ती अशी. झुंझुरं उन्हाळ्यात कूलरच्या टाकीमागे झोपतात, हिवाळ्यात गुंडाळलेल्या गादीत आणि पावसाळ्यात सिलिंडरच्या पाठीशी. त्यांचा रंग संध्याकाळी भिंतीचा असतो तो. झुंझुरक्याला उठतात, कण्हेरीच्या पानावरचं पाणी पितात आणि कंपाउंडच्या भिंतीवरून एक चक्कर मारतात; कालची प्रत्येक वस्तू कालच्याच जागी आहे ना, हे पाहायला. एखादी बादली जरी हललेली असली तरी जागीच थिजतात. ऊन कडुनिंबाच्या शेंड्यावर आलं की परत झोप. खरं काम संध्याकाळचं. दिवसभराचा उजेड घरात सांडून राहतो, पलंगाखाली, कपाटामागे, देव्हाऱ्याच्या फळीवर. तो गोळा करून न्यावा लागतो. नाहीतर सकाळपर्यंत आंबतो आणि मग त्या घरातली माणसं उठल्यापासून एकमेकांवर खेकसतात. हे ऐकल्यावर माझ्या वडिलांचा स्वभाव मला पहिल्यांदा कळला.

ती खाटांखालून, खुर्च्यांखालून फिरतात म्हणून त्या वेळी पाय वर घेऊन बसायचं. आणि ट्यूबलाइट लावायचा नाही. नव्या उजेडात जुना उजेड दिसत नाही, त्यांचा गोंधळ होतो. देवापुढचं निरांजन चालतं, ते ओळखीचं आहे. दार मात्र उघडं हवं. दार आमच्याकडे तसंही उघडंच असायचं, दिवेलागणीला लक्ष्मी येते म्हणून. काकूंची लक्ष्मी आणि काकांची झुंझुरं एकाच दारातून ये-जा करायची, कधी धक्काबुक्की झाली नाही.

पण रोज रोज अंधारात बसणं काकूंना परवडेना. कणीक कुठे आणि मीठ कुठे, दिसत नाही, म्हणायच्या. तेव्हा काकांनी आठवडा बसवला. तो नागपूरने वस्त्यांच्या नावांत आधीच बसवून ठेवला होता. सोमवारी झुंझुरं सोमवारीत जातात, मंगळवारी मंगळवारीत, बुधवारी बुधवारीत. शुक्रवारी अंघोळ, शुक्रवारी नावाच्या तलावावर. शनिवारी अंघोळीने अंग दुखतं म्हणून कुणाशी बोलत नाहीत. रविवारी इतवारीत, कारण व्यापाऱ्यांच्या दुकानांत उजेड फार सांडलेला असतो. राहिला गुरुवार. गुरुवारच्या नावाची वस्ती काकांना माहीत नव्हती. म्हणून त्या दिवशी झुंझुरं घरीच.

"आपल्याच घरी काहून?" मी विचारलं होतं.

"कोणाच्या तरी घरी राहावंच लागते नं गा."

झालं. तेव्हापासून दर गुरुवारी मागच्या दोन खोल्यांत दिवेलागणीला ट्यूबलाइट लागायचा नाही. पलंगावर मिनू आणि मी मांडी घालून, काका खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन, काकू देवापुढे. बाहेरचं आभाळ जांभळं, मग राखाडी, मग काहीच नाही. कुणी बोलायचं नाही. मग काका हलक्या आवाजात "गेले" म्हणायचे, हात लांबवून बटण दाबायचे, आणि दोन-तीनदा फडफडून ट्यूब लागायची. त्या पांढऱ्या उजेडात सगळे एकमेकांकडे असे पाहायचे, जसे गावाहून आलेत.

गुरुवारी वेळेवर घरी पोचायचं म्हणून काका कचेरीतून ठोक्याला उठायचे. साहेबांनी एकदा थांबवलं तर म्हणाले, आज थांबता येत नाही, गुरुवार आहे. कचेरीने त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. आपल्याकडे गुरुवार म्हटला की माणूस कुठल्या तरी महाराजांचा. दुसऱ्या आठवड्यापासून लोक त्यांना नारळाचा प्रसाद आणून द्यायला लागले, कुणी त्यांच्यासमोर अंडं खाईना, एका बाईने तर मुलाच्या परीक्षेचं हॉल तिकीट त्यांच्या टेबलाला लावून नेलं. काकांनी नाही म्हटलं नाही. परिणाम एवढाच झाला, की नोकरी संपेपर्यंत त्यांना दर गुरुवारी कचेरीत साबुदाण्याची उसळ खावी लागली, आणि त्यांना साबुदाण्याने पोटात धरायचं. एका सहकाऱ्याने फार खोदून विचारलं, की तुमचे महाराज कुठले. काका म्हणाले, "लहान आहेत. अजून कोणाले माहीत नाहीत."

माझ्या शाळेत मात्र निराळं झालं. विज्ञानाच्या सरांनी शिकवलं, की दिवसा फिरतात ते दिनचर, रात्री फिरतात ते निशाचर. मी हात वर केला आणि म्हणालो, सर, अजून एक प्रकार आहे. मग झुंझुरांचा सोमवार ते रविवार सगळा सांगितला. वर्ग हसला, सरांनी कान पिरगाळला आणि वडिलांना घेऊन यायला सांगितलं. वडिलांना नेण्यापेक्षा शाळा सोडलेली बरी, म्हणून मी काकांना नेलं. ते सफारी घालून आले. सरांनी छद्मीपणाने विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंय का हो हे जनावर?

"नाही साहेब," काका म्हणाले. "दिसलं असतं तर ते मुंगूस असतं."

सरांनी आवाज खाली आणून विचारलं, "बरं, चावत तर नाही नं?" घरी येताना काकांनी मला तर्रीपोहे खाऊ घातले. वडिलांना कळलंच, आणि त्यांनी मला वेगळं काहीतरी खाऊ घातलं.

मिनूची मीनल कधी झाली, मला नीट सांगता येणार नाही. कॉलेजात गेली, बँकेत लागली. गुरुवारी उशिरा यायला लागली. काका तिला काही म्हणत नसत. एकटेच खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे, काकू निरांजन लावायच्या. मी कधी असलो तर बसायचो. मला नोकरी उशिरा लागली, त्यामुळे वेळ भरपूर होता.

तिला पाहायला अमरावतीचे लोक आले ते गुरुवारी. यायचे होते दुपारी, गाडी पंक्चर झाली आणि आले दिवेलागणीला. काकूंचं तोंड पांढरं पडलं. पाहुणे बैठकीत बसले, बाहेर अंधारून आलं, आणि काकांनी ट्यूब लावली नाही. मुलाच्या आईने विचारलं, लाइट गेली का? काकू म्हणाल्या, हौ. समोर खिडकीतून शेजारच्यांची ट्यूब लखलखत होती. मुलाचे वडील फार सज्जन माणूस. ते म्हणाले, आमच्याकडेही असंच होतं, एकाच फेजची जाते. मीनल पोह्यांचा ट्रे घेऊन आली. उंबऱ्याला ठेचकाळली, थोडे पोहे सांडले. तिने ट्रे स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं.

ट्यूब फडफडली आणि लागली. सगळ्यांना दिसलं ते असं: मुलीचे वडील, इस्त्रीच्या पॅंटीत, खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन उकिडवे बसलेले.

पाहुणे जाईपर्यंत काकांनी पाय खाली सोडले नाहीत. "गेले" सुद्धा म्हणाले नाहीत.

लग्न जमलं. जावई चांगला निघाला. पण त्या संध्याकाळचं काहीतरी उत्तर सासरी द्यायला हवं होतं, आणि ते मीनलने दिलं: बाबा लाइट बिल वाचवतात. हे उत्तर इतकं चाललं की पुढे आमच्या घरातही तेच झालं. दिगूकाका म्हणजे चिकटराव, अंधारात बसून पैसे वाचवायचे, असं आज माझी भाचरंही सांगतात. मला यात मीनलचा दोष दिसत नाही. चिकट बाप लोकांना सांगता येतो. दुसरं काय सांगणार होती? वीस-बावीस वर्षं तेच सांगता सांगता खरं काय होतं ते तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं असणार. मला ठाऊक आहे ते कसं होतं. माझा घोडा आता मलाही पेढा खाताना स्पष्ट दिसतो.

सुमनकाकू गेल्या. प्लॉट बिल्डरला दिला. काका मीनलकडे शहराच्या टोकाला, बेसाला राहायला गेले, सातव्या मजल्यावर. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ते बाल्कनीत उभे होते. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती, त्यांच्यावर मोठमोठे हॅलोजन, खाली रस्ताभर पांढरे दिवे, सोसायटीच्या बागेत निळे. जिन्यातले दिवे तर माणूस आला की आपले आपण लागणारे.

"गजू, इथं सांज होतच नाही गा," ते म्हणाले. "दिवस सरते अन् थेट लाइट लागते."

मी म्हणालो, काका, मग गुरुवारी काय करता?

त्यांनी आत पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली. "लिफ्टनं येता येत नाही त्याईले. जिन्यानं येत असन तर सातवा माळा हाय. अर्ध्यातच उजाडते."

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. एखाद्या मुलाची नोकरी गेली आहे आणि बाप चारचौघांत सांगत नाही, तसं ते बोलणं होतं.

तरी ते गुरुवारी घरभर फिरून दिवे बंद करायचे आणि फ्लॅटचं दार उघडं टाकायचे. जावई समजूतदार, काही म्हणाला नाही. नातू ओरडायचा, आजोबा, माझा क्लास चालू आहे. मग गुरुवारबरोबर सोमवारही आला, मग बुधवार, मग कोणताही वार. मग दुपारी पडदे ओढून पाय वर घेऊन बसणं. आणि एका संध्याकाळी त्यांनी उठून मेन स्विचच बंद केला. जावयाच्या आई, त्याच त्या अमरावतीच्या, तेव्हा त्यांच्याकडे आल्या होत्या. अंधारात त्या पायपुसण्याला अडखळून पडल्या. मनगट मोडलं.

जावयाने आवाज न चढवता वर्धा रोडवरचं वृद्धांचं एक केंद्र पाहून ठेवलं. स्वच्छ आहे, डॉक्टर येतात, माणसं ओरडत नाहीत. दिवाळी झाली की न्यायचं ठरलं. मीनलने मला बोलावलं ते त्यासाठीच. आम्ही तिच्या गाडीत बसलो होतो, ती स्टिअरिंग धरून समोर पाहत होती.

"दादा, मला एकच सांग. बाबांचं हे आधीपासूनचं आहे का? आधीपासूनचं असेल तर मी सांभाळते. सासूबाईंना सांगते, ह्यांना सांगते, की हे असेच आहेत, लहानपणापासून पाहतेय. पण आत्ता सुरू झालं असेल तर मला भीती वाटते रे."

मी सांगितलं. पायरी, पेरूचं झाड, कूलरची टाकी, आंबलेला उजेड, सोमवारी ते इतवारी सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक शब्द वाढवला नाही. ती शांतपणे ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "आणि त्या घोड्याने पेढा खाल्ला होता?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला आपली सगळी कमाई अशी एका पेढ्यात गेलेली पाहावी लागते.

तिने काकांना डॉक्टरकडे नेलं, मला बरोबर घेतलं. डॉक्टर तरुण होते, प्रेमाने बोलत होते. त्यांनी विचारलं, आजोबा, आज वार कोणता? काका म्हणाले, "मंगळवारीत गेले." डॉक्टरांनी विचारलं, कोण गेले? काकांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर मीनलकडे गेली. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, पोह्यांच्या ट्रेसारखं काहीतरी हातात आहे आणि ते सांडणार आहे, अशी. काकांनी तोंड मिटलं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पार्किंगमध्ये मीनल बराच वेळ गाडीची किल्ली शोधत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "गुरुवारी लवकर येते. एकदा बसते त्यांच्याबरोबर. तू म्हणतो तसं ते नीट सगळं सांगत असले, तर केंद्राचं मी पाहते काय करायचं ते. पण तू मधे एक शब्द बोलायचा नाही."

तो गुरुवार. जावई आईला घेऊन बहिणीकडे गेला होता, नातू ट्यूशनला. काका आत झोपले होते. मीनलने स्वतः सगळे दिवे बंद केले, निरांजन लावलं, फ्लॅटचं दार उघडलं. बाहेर पॅसेजमधला दिवा कुणाचं तरी कुत्रं गेलं तेव्हा लागला आणि विझला. आम्ही दोघं सोफ्यावर बसलो. हॅलोजन अजून लागले नव्हते. अर्धवट इमारतींच्या भोकांतून आभाळ दिसत होतं, जांभळं. बेसालाही थोडी सांज होते, हे मला तेव्हा कळलं. कुणी दिवे न लावता थांबलं तर.

मी बोललो नाही. माझ्या घरच्यांना हे सांगूनही पटणार नाही.

आभाळ राखाडी झालं तेव्हा मीनलने पाय वर घेतले. चपला तशाच खाली, दोन्ही पाय सोफ्यावर, गुडघे छातीशी. तिचं लक्षही नव्हतं. ती दाराकडे पाहत होती, ओठ घट्ट मिटलेले. बापाला तसं बसलेलं तिने पाहिलं होतं, पण बाकीच्यांनीही पाय वर घ्यायचे, हे मी तिला गाडीत सांगितलं नव्हतं. आठवून आठवून पाहिलं, नव्हतंच सांगितलं.

मग तिने मान न वळवता, दबक्या, चिडक्या आवाजात म्हटलं, "दादा, पाय."

मी पाय वर घेतले.

असे किती वेळ बसलो कोण जाणे. आतल्या खोलीचं दार वाजलं. काका भिंतीला हात लावत लावत आले. त्या घरातलं एकही बटण त्यांना कधी चटकन सापडलेलं नाही. त्या दिवशी सापडलं. सगळे दिवे एकदम लागले, छतातले, कोपऱ्यातले, टीव्हीमागचेसुद्धा.

"दिवेलागणीच्या वक्ती अंधारात काहून बसल्या वं?" ते म्हणाले. "लक्ष्मी येते घरात."

मीनलचे डोळे दिपले होते. ती म्हणाली, "बाबा, आज गुरुवार आहे."

"बरं."

"घरीच असतात नं ते आज."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहुण्याशी वागावं तशा अदबीने त्यांनी विचारलं, "कोण?"

मीनलने माझ्याकडे पाहिलं. न बोलण्याची अट उठली, असं मी समजलो. मी सांगायला लागलो. एक झुंझुरं नावाचं जनावर असतं, काका. उजेडाला भितं आणि अंधारालाही. ते मान पुढे काढून ऐकत होते. कूलरच्या टाकीला हसले. तलावावरच्या अंघोळीला हसले. शनिवारी कुणाशी बोलत नाहीत म्हटल्यावर तर त्यांना ठसका लागला आणि मीनलने पाणी दिलं. इतका चांगला ऐकणारा मला आजवर मिळाला नव्हता.

"छान सांगता गा तुम्ही," ते म्हणाले. "तुमच्या घरचे लोक हसून हसून मरत असन."

दिगूकाकांनी मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी खुर्ची ओढली. तिच्यावरून हात फिरवला नाही, तसेच धपकन बसले, हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या लखलखाटाकडे प्रसन्न चेहऱ्याने पाहत राहिले. सोफ्यावर आम्ही दोघं अजून पाय वर घेऊन बसलो होतो. काकांचे दोन्ही पाय फरशीवर सपाट टेकलेले होते.